तानाबाईनं न पाहिलेलं आतडं

तानाबाई भली बाई होती असं मी म्हणणार नाही. कामाची होती. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत तिचं घर माझ्या घराला चिकटून, मधे फक्त एक मोरी. आज तिचं वय बासष्ट. त्यातली बत्तीस वर्षं तिनं एकच काम केलं. सकाळी मटण मार्केटात जायचं, बकऱ्यांची पोटं आणि आतडी बादल्यांतून घरी आणायची, धुवायची, आणि दुपारच्या आत खानावळवाल्यांना पोचवायची. आमच्याकडं ह्याला वजडी म्हणतात. ताटात आली की सगळे बोटं चाटतात आणि धुणारीच्या दारावरून जाताना नाकाला रुमाल लावतात. मीही लावायची, खोटं कशाला बोलू?

मी ललिता, पेठेतल्याच एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. माझं तोंड तिखट आहे असं गल्लीत म्हणतात. तानाबाईच्या तोंडापुढं मी काहीच नव्हते. पण तिचा हात! उकळत्या पाण्यात पोट बुडवायची, चुना चोळायची आणि सुरीच्या पाठीनं काळी साल अशी खरवडायची की आतून पांढरंशुभ्र निघायचं. आतडं बारीक काठीवर चढवून मोजा उलटावा तसं उलटं करायची. बकऱ्याच्या पोटाचे चार कप्पे, त्यांना तिनं स्वतःची नावं ठेवली होती. केसाळ तो टॉवेल, मधाच्या पोळ्यासारखी ती जाळी, पानापानांचं ते पुस्तक, आणि शेवटचं खरं पोट. चारा कुठं भिजतो, कुठं आंबतो, रस कुठं शोषला जातो, पाणी आटून लेंडी कुठं वळायला लागते, हे मला पुस्तकातनं माहीत होतं आणि तिला बोटांतनं.

म्हणूनच पाच वर्षांपूर्वी मी तिला शाळेत बोलावलं. दहावीचा वर्ग, पचनसंस्थेचा धडा. तानाबाई नवं लुगडं नेसून आली, हातात झाकलेली बादली. व्हरांड्यात तिनं आतडं सोडायला सुरुवात केली, ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत फिरलं. पोरं येडी झाली. चाळीस मिनिटं तिनं असं शिकवलं की मला वीस वर्षांत जमलं नव्हतं. शेवटी एका मुलीनं विचारलं, "माणसाचं पण असंच असतंय का?" तानाबाईनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "हो, असंच. थोडं लहानमोठं."

असंच नसतं. आपलं पोट एकच, चार नव्हे. आपलं लहान आतडं वीस-बावीस फूट, बकऱ्याचं त्याच्या तिप्पट-चौपट. आणि लहान आतडं जिथं मोठ्याला मिळतं त्या कोपऱ्यात आपल्याला बोटाएवढी एक शेपटी असते, आंत्रपुच्छ म्हणजे अपेंडिक्स. बकऱ्याला ती नसते. हे सगळं मला माहीत होतं. पण घंटा व्हायला आली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्या बाईसाठी टाळ्या वाजवत होतं. म्हटलं, राहू दे, कशाला तिचा मान घालवा? माझा चांगुलपणा बघा कसा होता.

त्या दिवसापासून तानाबाईचं पाऊल जमिनीवर ठरेना. कुणाचं पोट दुखलं की माणसं तिच्याकडं. बेंबी सरकली असं आमच्याकडं सर्रास म्हणतात. तानाबाई माणसाला उताणं पाडायची, बेंबीवर अंगठा दाबून ठोका बघायची, एरंडेल लावून चोळायची, पेटत्या दिव्यावर तांब्या उपडा घालून कातडी वर ओढून घ्यायची. गॅस असला की सुटायचा, माणूस ढेकर देत घरी जायचा. कुणी शंका काढली तर ती म्हणायची, "शाळंत शिकवून आलोय मी. बाईस्नी इचारा." आणि मी हसायची.

तिच्या घरात तिघंच. मुलगा धैर्यशील कबनूरला यंत्रमागावर कामाला, पाळीच्या सोयीसाठी तिकडंच खोली घेऊन राहायचा, रविवारी घरी. नाव धैर्यशील, पण आईपुढं आवाज फुटायचा नाही. आणि सून वर्षाराणी, चोवीस वर्षांची, गडहिंग्लजकडची. लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि सासू म्हणेल ते "व्हय आत्या" एवढ्यावर तिचं बोलणं संपायचं. वजडीच्या वासानं तिला पहिले सहा महिने ओकाऱ्या व्हायच्या. तानाबाई तिच्या पुढ्यात बादली सरकवून म्हणायची, "वक तितंच, आणि धू." हे मी मोरीच्या अल्याडनं रोज ऐकायची. तोंड तिखट असून काय उपयोग? शेजारच्या सासू-सुनेत आपण पडायचं नाही म्हणून गप्प बसायची.

दोन वर्षांपूर्वीचा आखाड. आखाडात कोल्हापुरात चुलीवर मटण नाही असं घर शोधावं लागतं, तानाबाईकडं तर बादल्यांची रांग. गुरुवारी सकाळी वर्षाराणी बेंबीभोवती हात दाबून उंबऱ्यात बसली. खाल्लेलं उलटून पडलं.

"आखाडातच बरं दुखतंय तुझं," तानाबाई ओरडली. "कामाचा ढीग बघिटला की पोट धरायचं. ऊठ, बेंबी सरकली असंल, चोळतो."

चोळलं. तांब्या लावला. वर्षाराणी दिवसभर वाकून आतडी उलटी करत होती, मधेच थांबून दात आवळत होती. शुक्रवारी मी शाळेला निघाले तेव्हा ती मोरीपाशी उभी होती, उजव्या कुशीत वाकलेली. म्हणाली, "बाई, आता हितं दुखायलंय," आणि बेंबीच्या खाली उजवीकडं बोट ठेवलं. अंग तापलेलं. बेंबीतनं निघून उजवीकडं खाली उतरलेलं दुखणं म्हणजे काय, हे मी दरवर्षी पोरांना सांगते. रजा टाकली, रिक्षा बोलावली. तानाबाई हातावरचा चुना न धुताच आत चढून बसली. "माझी सून हाय. मी बघतो काय म्हणतोय डाक्टर."

राजारामपुरीतल्या एका लहान हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर तरुण होता. त्यानं पोटावर हळू दाबलं आणि हात एकदम सोडला, तशी वर्षाराणी किंचाळली. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली आणि म्हणाला, "अपेंडिक्स सुजलंय. आजच काढायला पाहिजे. फुटलं तर घाण पोटभर पसरेल."

"काय सुजलंय?"

डॉक्टरनं कागदावर चित्र काढलं. हे लहान आतडं, हे मोठं, हा कोपरा, ही शेपटी. तानाबाईनं कागद फिरवून फिरवून बघितला आणि हसायलाच लागली.

"त्या कोपऱ्यात मी रोज बोट घालतो, डाक्टरसायेब. बत्तीस वर्सं. तितं एक बंद पिशवी असती, शेपूट-बिपूट काय न्हाय. तुमी किती आतडी हातात धरल्यासा?"

"आजी, ते बकऱ्याचं. माणसाचं वेगळं असतं."

"वेगळं? शाळंत पोरांम्होरं बाईंनी सांगितलंय, असंच असतंय म्हणून. बाई, सांगा की ह्यास्नी."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. वर्षाराणीनंही, तपासायच्या बाकावर वेटोळं होऊन पडल्या पडल्या. मी म्हणाले, "तानाबाई, माणसाला असतं ते. बकऱ्याला नसतं."

"मग तवा का न्हाय बोलला?"

तुझा मान राहावा म्हणून असं त्या डॉक्टरपुढं कसं सांगायचं? मी नुसती "अहो, तेव्हा वेळ नव्हता" असं काहीतरी पुटपुटले. तानाबाईला तेवढं पुरलं. "बघिटलासा? आता डाक्टर बोलल्यावर ह्यांनी बी फिरवलं. शिकल्याली माणसं एकमेकांची री वढत्यात. तरण्या डाक्टराला हात साफ करायचाय, माझ्या सुनंच्या पोटावर."

धैर्यशीलला फोन लावला. मागांचा खडखडाट, त्यातनं त्याचा आवाज आला, "आई म्हणंल तसं करा." डॉक्टर वैतागला. त्यानं सरळ वर्षाराणीपुढं कागद धरला. "पेशंट सज्ञान आहे, स्वतः सही करू शकते. बोल ताई, करायचं का ऑपरेशन?"

तिनं पेन हातात घेतलं. मी आजही शपथेवर सांगते, तिनं पेन कागदाला टेकवलं होतं. मग तिनं सासूकडं बघितलं. तानाबाई नुसती दारात उभी राहिली. पेन खाली ठेवून वर्षाराणी म्हणाली, "चला आत्या."

मी रिक्षात भांडले, गल्लीत भांडले. तानाबाईनं दार लावून घेतलं. आत तिनं सुनेला एरंडेल पाजलं, पोट साफ व्हावं म्हणून, आणि वरनं चोळायला बसली. ज्या हातानं बत्तीस वर्षं आतडी पिळली तोच जोर. वर्षाराणीचं ओरडणं गल्लीच्या टोकापर्यंत जात होतं आणि लोक म्हणत होते, बेंबी जागेवर चढताना दुखतंच.

दुपारी चारच्या सुमाराला ओरडणं थांबलं. थोड्या वेळानं तानाबाईच माझ्या दारात आली, घामानं भिजलेली, तोंड फुललेलं. "या बाई, या. बघा तुमच्या डाक्टराची शेपटी!"

मी गेले. वर्षाराणी भिंतीला टेकून बसली होती. खरंच तिचं दुखणं थांबलं होतं. थकलेली, पण हसली माझ्याकडं बघून. "उतरलं बाई," म्हणाली. दाराशी सात-आठ बायका जमलेल्या, सगळ्यांना तानाबाई हात नाचवून सांगत होती की डॉक्टर पोट फाडणार होता आणि तिनं दोन अंगठ्यांवर भागवलं. मग तिनं सुनेला वाटीभर पांढरा रस्सा पाजला. स्वतःच्या हातानं. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं त्या पोरीला काही भरवलं असेल.

सुजलेलं अपेंडिक्स फुटलं की ताण सुटतो आणि तास-दोन तास दुखणं एकदम थांबतं. हे मी वाचलेलं होतं. त्या क्षणी आठवलंही. पण समोर ती हसत होती, आणि ती बरी झाली असेल तर माझंही ओझं उतरणार होतं. मला ते खरं मानायचं होतं. मी घरी गेले आणि कुकर लावला. मला शिव्या द्यायच्या तर इथं द्या.

शनिवारी उजाडता उजाडता तानाबाईनं माझी भिंत बडवली. वर्षाराणीचं पोट पाटासारखं कडक झालं होतं, डोळे खोल गेले होते, ओठ पांढरे. ती ओरडत नव्हती. श्वाससुद्धा वरवर घेत होती, पोट हलू नये म्हणून. रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर, पाय तानाबाईच्या. तानाबाई सारखं एकच म्हणत होती, "काल उतरलं होतं की. काल उतरलं होतं."

ह्या वेळी सहीला कुणी आडवं आलं नाही. साडेतीन तास ऑपरेशन चाललं. पोटभर पू झाला होता. शेपटी तर फुटलीच होती, ती जिथं चिकटते तो कोपराही सडला होता. तेवढा भाग कापून टाकावा लागला. आत इतकी घाण होती की टोकं एकमेकांना जोडायची सोय नव्हती, म्हणून लहान आतड्याचं टोक पोटाला भोक पाडून बाहेर काढलं आणि त्यावर पिशवी चिकटवली. जगली तर तीन महिन्यांनी ते आत घालून जोडता येईल, असं डॉक्टर म्हणाला.

काढलेला तुकडा नातेवाइकांना दाखवायची पद्धत आहे. डॉक्टर स्टीलचा ट्रे घेऊन बाहेर आला आणि सरळ तानाबाईपुढं धरला. मांसाचा काळपट गोळा, त्याला लोंबणारी फाटकी शेपटी. करंगळीएवढी. तानाबाईचा हात आपोआप पुढं झाला. डॉक्टर नको म्हणायच्या आत तिनं ती दोन बोटांत धरून चेपली, जशी ती रोज चेपायची. मग हात काढून घेतला आणि लुगड्याला पुसायला लागली. पुसतच राहिली.

"आता दिसलं?" डॉक्टर म्हणाला. त्यानं असं बोलायला नको होतं. पण मला बरं वाटलं, हेही लिहिते.

वर्षाराणी नऊ दिवस मरणाच्या दारात होती आणि मेली नाही. एकविसाव्या दिवशी घरी आली, निम्मी होऊन. धैर्यशील दर रविवारी यायचा, पिशवीकडं न बघता खाली मान घालून बसायचा आणि संध्याकाळी कबनूरला पळायचा.

घरी आल्यावर पहिल्याच सकाळी पिशवी बदलायची वेळ आली. मी मदतीला गेले होते. तानाबाई कोमट पाणी, कापूस, सगळं मांडून बसली होती. आतडं हाताळायचं म्हणजे तिच्याइतकं जाणतं माणूस गल्लीत तरी दुसरं नव्हतं. तिनं हात पुढं केला.

"हात मागं घ्या," वर्षाराणी म्हणाली.

मी दचकलेच. दोन वर्षांत त्या पोरीचा हा आवाज मी ऐकला नव्हता.

"अगं, मला येतंय ते..."

"तुमी हात लावायचा न्हाय. हितं म्होरं बसा. आणि बघा."

तिनं स्वतः पिशवी सोडली. पोटावर लालभडक, ओलं आतड्याचं तोंड. त्याला हात लावला तरी दुखत नाही, कापल्याचं कळणारी जाणीवच तिथं नसते. तानाबाई बघत होती आणि एकदम मागं सरकली. "हलतंय! बाई, हे हलतंय की!"

हलणारच. जिवंत आतडं गप्प बसत नाही. आवळतं, सैल होतं, आतला घास पुढं ढकलत राहतं, माणूस झोपला तरी. तानाबाईच्या बादलीत यायची ती गार, निपचित पडलेली. हजारो आतडी हाताखालून गेली आणि काम करणारं एकही तिनं बघितलं नव्हतं.

मग रोज सकाळी सात वाजता हेच. वर्षाराणी हाक मारायची, "आत्या, या." तानाबाई यायची, समोर पाटावर बसायची. तिनं मान वळवली की वर्षाराणी थांबायची. पोट उघडं तसंच ठेवून बसून राहायची, सासूची मान परत वळेपर्यंत. "रातीची मेथी ही. मोठ्या आतड्यापत्तूर जातच न्हाय, म्हणून पाणी आटत न्हाय, पातळच येतंय. मक्याचा दाणा बघा, हाय तसा आलाय. बघा की, तुमाला आवडतंय न्हवं आतड्याचं." शिव्या नाहीत, रडणं नाही. डॉक्टरकडनं एकेक गोष्ट समजून घ्यायची आणि सकाळी सासूला शिकवायची.

पहिल्या पंधरवड्यात तानाबाईनं मार्केट सोडलं. घाणीच्या बादलीशेजारी बसून भाकरी खाणारी बाई, तिच्या तोंडाला चव राहिली नाही. जेवली की ओकायची. पोट चोळून घ्यायला आता कुत्रं येत नव्हतं. परवा तिच्या गुणाचे पोवाडे गाणाऱ्या बायका मोरीवर उभ्या राहून "सुनेला मारली असती हिनं" असं तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलायच्या. एक दिवस ती माझ्याकडं आली आणि चक्क पाया पडायला वाकली. "बाई, तिला सांगा की. मला मारू दे, उपाशी ठेवू दे. पर रोज बसवू नको म्हणावं. डोळं मिटलं की ते हलायलंय." मी सांगते म्हणाले. नाही सांगितलं. सांगायला कुठल्या तोंडानं जाऊ? मला वर्षाराणी अजून बाई म्हणून हाक मारत होती, माझा चहा घेत होती, आणि तानाबाईकडं बोट असलं की माझ्याकडं कुणी बोट दाखवत नव्हतं. सोयीचं होतं ते.

तीन महिने झाले. तपासणीला मीच तिला घेऊन गेले. धैर्यशील रजा काढून आला होता, तानाबाई बाहेर बाकावर बसली होती. हाडं नुसती. वर्षाराणीचं वजन मात्र भरलं होतं. डॉक्टरनं सगळं तपासलं, हसला. "एकदम छान. पुढच्या सोमवारी आतडं आत घालून जोडून टाकू. आठवड्यात घरी. मग पिशवीची कटकट संपली."

धैर्यशीलनं हात जोडले. माझे डोळे भरून आले, खरंच आले.

वर्षाराणीनं पोटावरचा पदर नीट केला. "डाक्टर, हे असंच आणि थोडं दिवस ऱ्हायलं तर जिवाला धोका हाय काय?"

"धोका तसा नाही. पण कशाला ठेवायचं? तुलाच त्रास."

"मग संक्रांत होऊन जाऊ दे."

"अगं, अजून तीन महिने?" मी म्हणाले. "का गं बाळ?"

तिनं उघड्या दारातनं बाकाकडं बघितलं.

"आत्यांचं अजून बघून झालं न्हाय," ती म्हणाली.